फायरिंगमध्ये दोनदा नापास, आता घरी पाठवतील का?

"मॅडम, तिसऱ्यांदा नापास झालो की घरी पाठवतात" हे तो पोलीस ट्रेनिंगमधला मुलगा खुर्चीत बसायच्या आधीच बोलला. (मी समुपदेशक, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) पोलीस ट्रेनिंगमधली बरीच मुलं-मुली हीच भीती घेऊन येतात, कायद्याचा पेपर निघाला, धावणं निघालं आणि सर्टिफिकेट अडकलंय एका टेस्टवर.

मी विचारलं, गोळी सुटायच्या आधी नेमकं काय होतं तुला? बराच वेळ गप्प. मग म्हणाला डोळे मिटतात. आवाज येणार हे माहीत असतं ना, त्यामुळे अंग आधीच आखडतं, मनगट खाली दबतं आणि गोळ्या सगळ्या टार्गेटच्या खालच्या बाजूला. बरं, हे इन्स्ट्रक्टरला सांगितलंस? तर नाही! का, तर घाबरट म्हणतील. तीन आठवडे लपवत होता आणि रात्र रात्र जागून व्हिडिओ बघत होता, झोप नाही म्हणून हात अजून थरथरणार, दुसरं काय होणार.

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, तसं सांगितलंही त्याला. पण दचकणं मला कळतं, तो शरीराचा रिफ्लेक्स आहे, आणि "दचकायचं नाही" असं घोकून तो जात नाही, उलट सगळं लक्ष तिकडेच लागतं. म्हणून एकच काम दिलं, उद्या इन्स्ट्रक्टरला जे खरं ते सांगायचं, माझ्यासमोर चारदा बोलायला लावलं, पहिल्यांदा तर आवाजच फुटेना.

इन्स्ट्रक्टर हसले वगैरे नाहीत. त्यांनी याला न कळवता पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मधेमधे डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) भरले, याने ट्रिगर दाबला, गोळी सुटलीच नाही तरी नळी खाली झुकली, आणि ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग रोज थोडा वेळ रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर सावकाश दाबायची प्रॅक्टिस, रेंजवर कानातल्या इअरप्लगवर अजून कान झाकणारे इअरमफ. माझ्याकडे फक्त झोप आणि श्वास, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, बस.

आणि ते "तिसऱ्यांदा घरी"? रूममेटने सांगितलेलं! नियम वाचायला लावले तर त्यांच्याकडे आधी जादा ट्रेनिंग आणि मग पुन्हा टेस्ट असं होतं. प्रत्येक अकॅडमीचं वेगळं असतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ऑफिसात जाऊन विचारा बाबांनो, हॉस्टेलच्या गप्पांवर जाऊ नका.

तिसऱ्या वेळी पास झाला, काठावर. परवा परत आला, आता सीनियरबरोबर ड्युटी सुरू झालीये, ते रोज त्याच्या कामाचा रिपोर्ट लिहितात आणि वायरलेसवर बोलायची वेळ आली की याची जीभ अडखळते. मी विचारलं, सीनियरला सांगितलंस? हसायला लागला.