वाचक विचारतात: गर्दी कमी केली की पायवाट सुधारते का?

प्रश्न: राष्ट्रीय उद्यानातली एक पायवाट चिखलामुळे तिप्पट रुंद झाली आहे. पर्यटकांची संख्या निम्मी केली तर ती पूर्ववत होईल का?

उत्तर: तेवढ्यानं होणार नाही. गवतावर सुरुवातीची थोडी पावलं पडतात तेव्हाच बरंचसं नुकसान होऊन जातं. पुढची हजार पावलं त्यात तुलनेनं कमी भर घालतात. म्हणून गर्दी निम्मी झाली तरी दबलेली माती दबलेलीच राहते.

वाट रुंदावते ती बहुधा पाण्यामुळे. मधे खोलगट झालेल्या वाटेत पाणी साचतं, माणसं बूट वाचवत कडेनं जातात, कडेचं गवत मरतं आणि चिखल तिकडेही सरकतो. भर पावसात एकदा वाटेवर उभं राहून बघा. पाणी आडवं उतरून दरीकडे जायला हवं. ते वाटेवरूनच ओघळत असेल, तर दुखणं तिथं आहे.

वाटेला दरीच्या बाजूनं मीटरभर रुंदीला 5 सेंटीमीटर उतार द्या. जिथं चढ जास्त आहे तिथं दगड किंवा ओंडके पुरून पाणी बाहेर काढा, पण ते वाटेला तिरके, साधारण 45 अंशांत बसवा. काटकोनात बसवले की मागं गाळ भरतो आणि पाणी वरून वाहू लागतं. बाहेर पडण्याचं तोंड पावसाळ्याआधी मोकळं करायचंच. हे काम टाळल्यामुळेच चांगली बांधलेली वाटही वाया जाते. कडेच्या फुटलेल्या वाटांवरची माती 10-15 सेंटीमीटर भुसभुशीत करा आणि त्यांची तोंडं, म्हणजे लांबून नजरेस पडणारा भाग, वाळक्या फांद्यांनी झाका. नुसत्या पाटीनं कुणी थांबत नाही.

संख्येची मर्यादा निरुपयोगी आहे असं नाही. पेरूतल्या इन्का ट्रेलवर हमाल-वाटाडे धरून दिवसाला 500 माणसंच सोडतात. शिवाय ऐन पावसातल्या फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. आमच्या मते ही बंदीही मर्यादेइतकीच मोलाची आहे. ओल्या मातीला विश्रांती लागते.

प्रश्न: प्राण्यांपासून किती अंतर ठेवावं?

उत्तर: त्या उद्यानाचा नियम असेल तो पाळा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल आणि लांडग्यांपासून 91 मीटर, बायसन (तिथले रानगवे), एल्क (मोठी हरणं) यांच्यापासून 23 मीटर अंतर सक्तीचं आहे. हे किमान अंतर झालं. प्राण्यानं चरणं थांबवून मान वर केली, कान तुमच्याकडे वळवले, की तुम्ही जास्त जवळ गेला आहात. सावकाश मागं या. घरट्यावरचा पक्षी उठला तर अंडी उघडी पडतात, आणि फोटो काढणाऱ्याला ते कळतही नाही.

प्रश्न: मुक्कामात शौचालय नसेल तर?

उत्तर: पाणी, वाट आणि तंबूपासून 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा खणा आणि नंतर त्याच मातीनं बुजवा. कागद पिशवीत घालून परत न्या.