विटांचे खांब वाकलेत, सगळेच बदलायचे का?

प्रश्न : आम्ही डॅलसमध्ये १९२८ सालचं लाकडी घर घेतलंय, दोन वर्षं झाली. खाली स्लॅब नाहीये, विटांच्या बुटक्या खांबांवर घर उभंय, मध्ये दीडेक फूट पोकळी. ऑगस्टमध्ये मागचं दार घासतं, फेब्रुवारीत आपोआप मोकळं होतं. किचनमध्ये मुलाची गोटी ठेवली की भिंतीकडे घरंगळते. फाउंडेशनवाल्या एका कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटं टॉर्च मारून म्हणाला सगळे ३४ खांब बदला. आकडा ऐकून नवऱ्याची झोप उडालीये. सोलापूरहून आलेले सासरे म्हणतात काळी माती आहे, ती असंच करते. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं ऐका. तुमच्या घराखालची माती आणि सोलापूरची काळी माती एकाच गोत्रातली, पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. टेक्सासची राज्य-मातीच मानतात हिला, नाव ‘ह्यूस्टन ब्लॅक’ (पण मुख्य पट्टा तुमच्या डॅलसपासून खाली सॅन अँटोनियोकडचा, नावावर जाऊ नका). उन्हाळ्यात घराच्या कडेची माती आधी सुकते, मधली सावलीतली ओलसरच राहते, म्हणून कडेचे खांब थोडे खचतात आणि दारं घासतात, पाऊस झाला की परत वर येतात. दार बाराही महिने घासत असतं आणि दरवर्षी जास्तच, तर मी एवढा निवांत बोललो नसतो.

आता खाली जाऊन बघायचं. एकट्याने नाही, वर कुणीतरी हाक मारायला हवं, मास्क, हातमोजे, फुल बाह्या, आणि लोंबणाऱ्या जुन्या वायरला हात लावायचा नाही. कोळी आणि साप तिथे आधीपासून राहतात हे लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी खांबाचा माथा बघा, कंपनीवाल्याने टॉर्चने हे नक्कीच पाहिलं नसणार. खांब आणि तुळई यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून बघा. आरपार गेलं तर तो खांब काहीच उचलत नाहीये, नुसता उभाय, आणि त्याचा भार शेजारचे दोघं वाहतायत. बऱ्याचदा तिथे आधीच्या कुणीतरी छपरावर कौलांसारख्या लावतात त्या लाकडी फळ्यांचे तुकडे पाचर म्हणून ठोकलेले असतात, चार-पाच थर, दबून पापडासारखे झालेले. तिथे अख्खा खांब बदलायची गरज नसते, खांब धड असेल तर स्टीलच्या पाचरी नीट बसवल्या तरी भागतं.

मग किल्लीने दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, खरवडा. त्या काळच्या बांधकामात बऱ्याचदा चुन्याचाच माल असतो, तो वरून थोडा भुसभुशीत होणारच, दरजा परत भरता येतात, पण कडक सिमेंटने नाही, नाहीतर ओल दरजेतून बाहेर पडायच्या ऐवजी विटेतून पडते आणि विटेचे पोपडे निघतात. वीट हातात फिरली तर मात्र तो खांब संपला. पांढरा लोणा दिसला तर ओल खालून चढतेय.

वाकलेल्या खांबाला ओळंबा लावा. ढोबळ हिशोब असा की तुळईचा भार खांबाच्या रुंदीच्या मधल्या एक-तृतीयांश भागात पडला पाहिजे, म्हणजे १२ इंची खांब असेल तर मध्यापासून २ इंचांपर्यंत ठीक, त्यापुढे एका बाजूच्या दरजा उघडायला लागतात. पेन्सिलएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या खांबावर चढलेल्या दिसल्या तर वाळवी, मग तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, आत गेला तर ते काम पहिलं. आणि हो, मधले काही खांब विटांचे नसून लाकडाचे ओंडके निघाले तर दचकू नका, डॅलसच्या जुन्या घरांत बोडार्क नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचे ओंडके सर्रास आहेत, सहसा कुजत नाहीत, पण कलतात.

खांबांना हात लावण्याआधी पाणी. पन्हाळीचं पाणी घराखाली जातंय का, एसीचा पाइप कुठे सुटतो, जुनी बिडाची ड्रेनेज लाइन गळतेय का. हे तसंच ठेवून नवे खांब घातलेत तर तेही वाकतील. उन्हाळ्यात तिथले लोक भिंतीपासून फूट-दीड फुटावर पाझरता होज टाकून कडेची माती ओलसर ठेवतात, सासऱ्यांना सांगा की इथे घराला ठिबक लावतात, ते खूश होतील.

मग लायसन्स असलेला स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, जो स्वतः दुरुस्ती विकत नाही. त्याच्याकडून घरातल्या जमिनीच्या लेव्हलचा नकाशा आणि खांबवार नोंद मागा, कोणता ठेवायचा, कोणता बदलायचा. कोटेशन त्यानंतर, आणि त्या नोंदीवरच.

गोटीचं म्हणाल तर ती घरंगळू दे. शंभरीला आलेलं घर एका दिवसात जॅक लावून सपाट केलं तर वरचं प्लास्टर तडकतं, पाइप निखळतात. त्यापेक्षा या ऑगस्टमध्ये प्रत्येक खांबावरची फट मोजून तिथेच पेन्सिलने तारीख घाला, फेब्रुवारीत परत मोजा, आणि दोन्ही आकडे मला पाठवा.