गटिंगआधी ग्रोमेट बघ

बॅडमिंटन रॅकेटचं जुनं गटिंग, म्हणजे तारा, कापलंस की लगेच रॅकेट तार ताणायच्या मशीनवर चढवू नकोस. आधी ग्रोमेटवरून, म्हणजे फ्रेमच्या छिद्रांतल्या प्लास्टिकच्या बारीक नळ्यांवरून, नख फिरव, विशेषतः फ्रेमच्या वरच्या भागात. फटके चुकून बसतात ते तिथेच. चिरलेलं किंवा खाच पडलेलं ग्रोमेट लागलं की काढच. तार थेट कार्बनच्या कडेला घासली तर 26 पाउंड ताणाचं कोरं गटिंग ताणतानाच तुटू शकतं.

आतलं पसरलेलं टोक निपरने छाट, मग टोच्याने हळूच बाहेर ढकल. जोर करून पिळू नकोस, छिद्राची कड उडते. नवं बाहेरून घाल, आत जेमतेम मिलिमीटरभर टोक ठेव. गाठीच्या छिद्रातलं मात्र हमखास तपास. ते सैल झालं की गाठच आत ओढली जाते. घाईतले दुकानदार नेमकं हेच टाळतात. सुट्या ग्रोमेटचं पाकीट स्वस्त मिळतं, किटमध्ये ठेवून दे.