लॅमिनेटेड धनुष्याची मूठ चिकटवली तरी उखडते, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीकडे ६६ इंची लॅमिनेटेड, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेलं धनुष्य केलंत, पाठीला (निशाणाकडच्या बाजूला) कळकाची, म्हणजे बांबूची पट्टी, पोटाला (आपल्याकडच्या बाजूला) साग. मुठीचा ठोकळा वेगळा घडवून मागाहून इपॉक्सीने पोटावर चिकटवलात. २५-२६ इंच ओढल्यावर टक् आवाज झाला आणि मूठ सुटली. बुडाला सागाचे धागे चिकटून आले. आता गोंद बदलू की मूठच वेगळ्या पद्धतीने करू?

गोंद बदलू नका. धागे निघून आले म्हणजे गोंदाने आपलं काम केलं, फाटलं ते लाकूड. बूड स्वच्छ, चकचकीत सुटलं असतं तर मी सागाच्या तेलकटपणावर बोट ठेवलं असतं.

माझ्याही पहिल्या दोन मुठी अशाच उडाल्या. मालवणकडे होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारांना मी तो तुकडा दाखवला. त्यांनी आयुष्यात धनुष्य केलेलं नव्हतं, पण बूड बघून म्हणाले, "गोंदाक गाळी घालू नको, लाकूड खंय वाकता तां आधी बघ." सगळं दुखणं इथेच आहे. ठोकळा वाकत नाही आणि त्याच्याखालची पट्टी वाकते. ती वाकताना ठोकळ्याच्या टोकापासून सुटू बघते, आणि एकदा टोक उचकटलं की पुढची चीर एका झटक्यात जाते.

म्हणून मूठ कुठे रुंद आणि कुठे जाड, हे गोंदापेक्षा महत्त्वाचं. लाकडाची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. बहुतेक जण (मीसुद्धा) हातात छान बसावी म्हणून मुठीकडे येताना पाती (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) लवकर निमुळती करतात आणि जाडी मागाहून वाढवतात. मग मधला भाग अरुंदही असतो आणि पातळही, आणि नेमका ठोकळ्याच्या टोकाखालीच वाकतो. क्रम उलटा हवा. पात्याची रुंदी पूर्ण असतानाच जाडी चढायला लागली पाहिजे, आणि ती बऱ्यापैकी चढल्यावरच रुंदी कमी करायची. मी मधे ४ इंच ताठ भाग ठेवतो आणि दोन्हीकडे अडीच-अडीच इंचांचा उतार, म्हणजे ठोकळा ९ इंचांचा. उताराचं टोक कागदासारखं पातळ हवं. तिथे एक सूत (इंचाचा आठवा भाग) जरी जाडी उरली तरी ती पायरी होते आणि चीर तिथूनच सुरू होते.

आता पद्धतीबद्दल. मागाहून चिकटवलेली मूठ चालते, पण ती सगळ्यात कमी माफ करणारी. तुमच्या जागी मी असतो तर ठोकळा पट्ट्यांच्या मधेच घातला असता: पाठीची पट्टी, त्याखाली ठोकळा, आणि पोटाची पट्टी ठोकळ्याच्या उतारावरून चढवलेली. अशी टोकं दोन पट्ट्यांमध्ये दाबलेली राहतात, उचकटायला जागाच नसते. अट एकच, पोटाची पट्टी उतारावर वळेल इतकी पातळ हवी. दीड-दोन सुतांची सागाची पट्टी लांब उतारावर वळते, त्याहून जाड असेल तर दोन पातळ पट्ट्या करा. शिवाय पाठीच्या पट्टीखाली मधोमध १३-१४ इंचांची एक आखूड पट्टी घालता येते, मधे एक सूत जाड आणि दोन्ही टोकांना शून्य. तिची टोकं ठोकळ्याच्या टोकांपेक्षा दोन-अडीच इंच पुढे गेली पाहिजेत. त्यामुळे ठोकळ्याची टोकं जिथे संपतात तिथलं वाकणं बरंच कमी होतं.

आणि ठोकळा नकोच असेल तर सबंध धनुष्यच मुठीसकट थोडं वाकू द्या. पकडायला कातडं किंवा सुंभ गुंडाळलं की झालं. बाण सोडताना हाताला किंचित धक्का जाणवतो, पण उखडायला काही उरत नाही. पहिल्या धनुष्याला मला हेच आवडतं. देखणी मूठ हा नंतरचा हट्ट.

चिकटवण्याचं थोडक्यात. साग रंध्याने गुळगुळीत करून सोडू नका. हॅकसॉ ब्लेडच्या दातांनी उभे ओरखडे काढा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि सुकताच लगेच इपॉक्सी लावा, दुसऱ्या दिवशी नव्हे. शिकंजे करकचून आवळू नका, सगळी इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून गुंडाळतो, दाब सगळीकडे सारखा येतो. पाच मिनिटांत धरणारी इपॉक्सी नको, सावकाश वाळणारी घ्या.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड हवेतला ओलावा पितं. पट्ट्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात, पण सावलीत आणि वाऱ्याला ठेवून सुकवा. झालेलं धनुष्य मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, घरगुती तापमानाला वाळलेली इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागते.

तुटलेल्या धनुष्याचं लगेच सरपण करू नका. पोटाच्या पट्टीत चीर गेली नसेल तर फाटलेला भाग रंध्याने साफ करा, मूठ न लावता कातडं गुंडाळा आणि अर्ध्या ओढीपासून हळूहळू वाकवून बघा. मधला भाग जास्तच वाकतोय असं दिसलं तर तिथेच थांबा.