समुद्र न पाहिलेल्या मुलीला समुद्रावर फिल्म करायची आहे

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बारावी सायन्सला. शाळेत कुणीतरी समुद्री कासवांवरची फिल्म दाखवली आणि तेव्हापासून तिनं एकच धरलं आहे: समुद्र वाचवण्यासाठी डॉक्युमेंटरी करायच्या. घरी साडेतीन एकर धान, पाठचा भाऊ नववीत. वडील म्हणतात, नर्सिंग कर. ताई लिहितात, "जिनं समुद्र डोळ्यांनी पाहिला नाही तिनं समुद्रावर सिनेमा काढायचा, हे करिअर आहे की खूळ? तिला समजवा, नाहीतर आम्हाला समजवा."

ताई, नमस्कार. खूळ नाही, हे आधी सांगते. का, ते एका माशाच्या गोष्टीवरून कळेल.

गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा, पण खातो बारीक प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. १९९० च्या दशकात तिथं त्याची सर्रास शिकार व्हायची. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडायचे, मांस परदेशी जायचं. माइक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' ही फिल्म केली. २००० साली ती आली आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण.

गोष्ट सहसा इथंच संपवतात. मला पुढची जास्त मोलाची वाटते. कायदा झाला म्हणून मासा जाळ्यात अडकायचा थांबत नाही. त्याला सोडायचं तर मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापायचं, म्हणजे हातातला धंदाच कापायचा. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि तिथल्या वनविभागानं गावोगाव मोहीम चालवली. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचं नसतं. मच्छीमार तिला 'व्हाली' म्हणू लागले, म्हणजे लाडकी. कापलेल्या जाळ्याची भरपाई ठरली. आणि पुढे मच्छीमारांच्याच हातात साधे कॅमेरे दिले, मासा सोडतानाचे फोटो त्यांनीच काढायचे. आजवर ९०० हून जास्त व्हेल शार्क त्या लोकांनी आपल्या हातानं सोडले आहेत.

फिल्मनं दिल्लीला जागं केलं. सौराष्ट्रातल्या वेरावळच्या माणसाला जागं केलं ते त्याच्या भाषेतल्या एका शब्दानं, जाळ्याच्या भरपाईनं आणि त्याच्या हातातल्या कॅमेऱ्यानं. तुमच्या मुलीला हे काम करायचं असेल तर तिला हे सगळं शिकावं लागेल. नुसतं सुंदर निळं पाणी टिपून भागणार नाही. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षं विरोध राहिला. ज्यांचं पोट पाण्यावर आहे त्यांना सोबत घेतल्याशिवाय कागदावरच्या रेषेचा उपयोग होत नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. पूर्वी मी एका संस्थेसोबत तलावांच्या कामात होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही प्रोजेक्टर घेऊन गेलो, समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधली आणि पाणपक्ष्यांवरची एक इंग्रजी निवेदनाची फिल्म लावली. वीस मिनिटांत निम्मं गाव उठून गेलं. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक म्हातारे बाबा शेवटपर्यंत बसले, पण जाताना म्हणाले, "बाई, यात आमचा तलाव कुठी हाये?" मला रात्रभर झोप आली नाही. दोन महिन्यांनी आम्ही परत गेलो, या वेळी त्यांच्याच मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, मोबाइलनं काढलेली सात मिनिटं घेऊन. पहाटे जाळं ओढणारी माणसं, बेशरमच्या रानटी झुडपांनी भरलेला काठ, आणि त्याच बाबांच्या तोंडून पूर्वीच्या माशांची नावं. लोकांनी ती तीनदा लावायला लावली. तिसऱ्या वेळी एक बाई उठून भिंतीजवळ गेली आणि चादरीवर बोट ठेवून म्हणाली, "इथून बेशरम काढलं तर मरळ परत येईल." त्या रात्री तिथंच बसून काढणीचा दिवस ठरला.

तुमच्या भागात हा खजिना दाराशी आहे. मामा तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, मच्छीमार सहकारी संस्था, रोहू-कतल्याच्या बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) सोडल्यावर मागे पडलेले गावठी मासे, काठावरचं देवधान म्हणजे रानभात. समुद्राकाठच्या गावात जे प्रश्न आहेत तेच इथं लहान आकारात आहेत: पाणी कुणाचं, मासे का कमी झाले, विणीच्या दिवसांत जाळं टाकायचं की नाही, नुकसान कुणी सोसायचं. आणि मुलीच्या बाबांना सांगा, समुद्र तितका लांब नाही. आपलं पाणी वैनगंगेला मिळतं, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे आणि तिथल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. धानावर फवारलेलं औषध कुठपर्यंत जात असेल, हा एक विषयच फिल्मला पुरेल.

म्हणून परीक्षा झाली की तिला एक काम द्या. घरातल्या मोबाइलवर पाच मिनिटांची फिल्म, गावच्या तलावावर. पहाटे जाळं निघतं तेव्हा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, हजर राहायचं. पहिले दोन दिवस मोबाइल खिशातच ठेवायचा, नुसतं बोलायचं, टोपली उचलू लागायची. शूट करताना आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यायचं. पाळीवर वारा असतो, त्यामुळे कॉलर माइकवर स्पंजचं टोपण हवंच, नाहीतर माणसाचं बोलणं फडफडीत बुडून जातं. आणि फिल्म सगळ्यात आधी त्या ढिवरांनाच दाखवायची. ते बोलू लागले तर मुलीच्या हातात कला आहे असं समजा.

आता शिक्षणाचं. बारावीनंतर लगेच फिल्मच्या महागड्या खासगी कोर्सला पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. आधी विषयाची पदवी. माझी पहिली पसंती मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीला: नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, आणि रत्नागिरीजवळ शिरगावला दापोली कृषी विद्यापीठाचं. शिरगावला गेली तर चार वर्षं समुद्रच शेजारी. नाहीच जमलं तर जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी. पुढे फिल्म शिकायला पुण्याचं एफटीआयआय, कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट, दिल्लीचं जामिया या ठिकाणी कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर जाता येतं, आणि सरकारी संस्था असल्यानं खासगीपेक्षा खर्च आवाक्यातला असतो. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर आत्ताच काढून ठेवा. शिष्यवृत्तीच्या वेळी धावाधाव होते.

पैशांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या डॉक्युमेंटरीवर घर चालवणारी माणसं थोडी आहेत, आणि सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. पण मत्स्यविज्ञानाची पदवी असली तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परीक्षा, बँकांमधली कृषी अधिकाऱ्याची पदं आणि संवर्धन संस्थांमधली कामं खुली राहतात. ज्याला मासाही कळतो आणि एडिटिंगही येतं, असा माणूस संस्थांना सहज मिळत नाही. बाबांना ही बाजू नीट समजावून सांगा. नर्सिंग चांगलंच आहे, पण मन दुसरीकडे असलेल्या मुलीला त्यात ढकलू नका.

एक शेवटचं काम, आणि हे तुम्हीही तिच्यासोबत करा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी चोरीला जायची, आज गावातल्याच घरांमध्ये पाहुणे राहतात, जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं बघतात. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. कार्यकर्ता ती उचलतो आणि खाली तळहातापेक्षा लहान पिल्लं वळवळत असतात. मार्च-एप्रिलमध्ये ती पाहायची संधी चांगली असते. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुणे आणि तिथून एसटीनं मंडणगड. प्रवास लांबचा आहे, दोन जोडी कपडे आणि डब्यात तिळाची चटणी-भाकर ठेवा.

तिथं तिनं पिल्लांचे व्हिडिओ काढू नयेत, ते सगळेच काढतात. ज्या घरी उतराल त्या घरच्या मावशींना तिनं विचारावं की कासवं येण्याआधी या घराचं कसं चालायचं. ते उत्तर मला लिहून पाठवा. तलावावरची फिल्म झाली की तीही पाठवा, मी वाट पाहते आहे.