ठाण्यात रोजच्या ट्रेल रायडिंगसाठी १६ किलोची स्टील फुल-सस्पेन्शन सायकल घ्यावी का?

घ्या, पण फ्रेम क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील) आणि मागच्या शॉकला रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उसळतो ते कमी-जास्त करायची, सोय असेल तरच. वजनाचा बाऊ नको: ७५ किलोचा माणूस वर बसला की १६ आणि १४ किलोच्या सायकलींत एकूण फरक जेमतेम दोन टक्के. येऊरच्या चढाला खरा उपयोग गिअरचा. पुढे ३२ दातांची चकती असेल तर मागच्या कॅसेटवर (चाकावरच्या चकत्यांचा संच) सर्वांत मोठी ५० दातांची हवी. नुसती स्प्रिंग लावलेली स्वस्त ‘डबल शॉकर’ मात्र टाळा, पेडल मारलं की झोके घेते. अडचण एकच, आपला पाऊस. गंज फ्रेमच्या नळीच्या आतून धरतो, म्हणून जूनआधी आत गंजरोधक फवारा आणि भिजून आलात की सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरा, पाणी निथळू द्या. (बिल्डिंगला लिफ्ट नसेल, तर दुकानातच एकदा खांद्यावर घेऊन बघा.)