‘नॅन्सी’ नव्हे, बुध्या कोळी

एका वाचकाला जमैकाच्या लोककथा मुलांसाठी मराठीत आणायच्या आहेत. त्यांचा प्रश्न असा: तिकडे या कथांना ‘नॅन्सी स्टोरी’ म्हणतात, तर ही नॅन्सी कोण? आणि शेवटी येणाऱ्या ‘जॅक मॅन्डोरा, मी नो चूज नन’ या ओळीचं काय करायचं?

नॅन्सी नावाची कुणी मुलगी नाही. ‘नॅन्सीची गोष्ट’ हे भाषांतर ऐकून ऐकून आता चीड येते. मूळ शब्द घानातल्या आकान लोकांचा, ‘अनान्से’, म्हणजे जाळं विणणारा कोळी. गुलामांच्या जहाजांतून तो जमैकात आला, ‘अनान्सी’ झाला आणि जिभेवर झिजून ‘नॅन्सी’. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर तो ‘नान्झी’ आहे. आकान भाषेत लोककथेलाच ‘अनान्सेसेम’ म्हणतात, मग तीत कोळी असो वा नसो. आकाशदेव न्यामेकडच्या सगळ्या गोष्टी त्याने अजगर, बिबट्या नि गांधीलमाश्या पकडून देऊन विकत घेतल्या ना!

पण खरा ऐवज त्याच्या पूर्ण नावात आहे: क्वाकू अनान्से. क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला मुलगा. जन्मवारावरून नाव ठेवायची ही रीत आपल्याला परकी नाही. वारली-कातकऱ्यांच्या पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या आहेतच की. म्हणजे क्वाकू अनान्से हा सरळसरळ आपला बुध्या कोळी! वाचकाला मासेमार वाटेल, असा आक्षेप येतो. वाटू दे. जाळं दोघांचंही, आणि अनान्सी स्वतःच घडीत माणूस, घडीत कोळी असतो. एवढी नेमकी संदिग्धता इंग्रजीला कुठून मिळणार? मळेवाल्यांनी गुलामांवर आपली नावं लादली, तरी वारांची नावं टिकली. 1739 साली इंग्रजांना तह करायला लावणारा जमैकाच्या ‘मरून’ लोकांचा, म्हणजे मळ्यांतून पळून डोंगरांत राहिलेल्या गुलामांचा, पुढारी कजो सोमवारचा, आजच्या गयानातल्या बर्बीसमध्ये 1763 साली झालेल्या गुलामांच्या उठावाचा पुढारी कोफी शुक्रवारचा. म्हणून ‘क्वाकू’ गाळणारं भाषांतर मला अपुरं वाटतं.

आता जॅक. तो स्वर्गाचा द्वारपाल, असं हल्ली सर्रास छापलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. ‘डोरा’त ‘डोअर’ ऐकून रचलेली ही व्युत्पत्ती आहे. 1907 साली जमैकाच्या कथा छापणाऱ्या वॉल्टर जेकिलने साधी गोष्ट सांगितली होती. जॅक हा समोर बसलेला श्रोता, आणि ‘मी नो चूज नन’ म्हणजे ‘मी कुणालाच निवडलेलं नाही’. कथेत वाघाला चोप मिळाला, तो तुला किंवा तुझ्या सोबत्यांना उद्देशून नव्हे, असं सांगणारा बजावतो. लेकी बोले सुने लागे, हा आरोप तो आधीच झटकून टाकतो. तेव्हा इथे ‘साठा उत्तराची कहाणी’ चिकटवू नका, तिचा हेतू निराळा. ‘जॅकभाऊ, यात तुमच्यापैकी कुणी नाही हं’ असं लिहा.